वादळाआधीचा बर्फ: प्रकल्प नोंदी, धुळे

4 जानेवारी, धुळे

हिमाचलमध्ये मनालीच्या वरचा हिवाळी ट्रेक. मार्ग: सोलंग (सुमारे 2,500 मीटर), धुंडी, बकरथाच (सुमारे 3,300). ब्यासकुंड यादीत आहे, पण कंसात, म्हणजे जमलं तर. कामाची वाटणी अशी: दोघांची जोडी स्थानिक गाईडसोबत आठवडाभर आधी सोलंगला जाईल, बर्फ मोजेल आणि आकडे पाठवेल. बाकी तुकडी धुळ्यातच थांबेल. नकाशा, हवामान आणि जायचं की नाही हा निर्णय धुळ्याच्या टेबलावर होईल. डोंगर समोर दिसायला लागला, रजा संपत आली, की माणूस आकड्यांशी वाटाघाटी करायला लागतो, म्हणून ही वाटणी.

नकाशाचं काम आज झालं. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून कार्टोडेम, म्हणजे उंचीचे आकडे, उतरवून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उताराचे कोन काढले. 25 अंशांखाली रंग नाही, 25 ते 30 पिवळा, 30 ते 35 केशरी, 35 ते 45 लाल. स्लॅब, म्हणजे बर्फाचा सलग थर एकदम तुटून येणारं हिमस्खलन, बहुतेक वेळा 30 ते 45 अंशांत सुटतं. सगळ्यात जास्त 38 च्या आसपास.

हा नकाशा कुठे फसवतो ते आत्ताच लिहून ठेवावं. उंचीचा ठिपका 30 मीटरला एक. वीस मीटर उंचीचा आणि 40 अंशांचा टप्पा जमिनीवर जेमतेम 24 मीटर जागा घेतो. तो शेजारच्या सपाटीत विरघळतो आणि नकाशावर 20–25 अंशांचा निरुपद्रवी उतार दिसतो. माणूस गाडायला वीस मीटरचा टप्पा पुरतो, त्यातही खाली नाळ किंवा खड्डा असेल तर नक्कीच. त्यामुळे लाल रंग दिसला तर विश्वास ठेवायचा. पांढरा दिसला तर जागेवर कोन मोजायचा.

11 जानेवारी, लळिंग

कोन ओळखण्याचा सराव. आधी अंदाज सांगायचा, मग मोजायचं. उताराकडे तोंड करून पाहिलं तर तो असतो त्यापेक्षा उभा वाटतो. बाजूने पाहिलं तर अंदाज जवळ येतो. लळिंगच्या डोंगराला बेसाल्टचे टप्पे असल्यामुळे नकाशाची फसवणूकही इथे हाताने मोजून कळते: आख्खा उतार 25 अंशांचा, पण मधला एकेक टप्पा 50–60 चा.

मोबाइलचं क्लिनोमीटर थंडीत बंद पडतं, म्हणून काठ्यांची पद्धत सगळ्यांना पाठ हवी. चालण्याच्या काठीवर 100 सेंटिमीटरला खूण करायची. काठीचं एक टोक उताराला टेकवून ती खालच्या दिशेने आडवी, पाणसळीत धरायची. 100 च्या खुणेपासून दुसरी काठी सरळ खाली सोडून बर्फापर्यंतचं अंतर मोजायचं. 58 सेंमी भरलं तर 30 अंश, 70 तर 35, 84 तर 40. फक्त 58 लक्षात राहिलं तरी चालेल.

दुसरा सराव नजरेच्या कोनाचा. हा आपल्याकडच्या ट्रेकरला नवा आहे. सह्याद्रीत तंबू लावताना वरून दगड येईल का एवढंच बघतात आणि कड्यापासून पाच-पन्नास पावलं सरकतात. हिमस्खलन दरी ओलांडून समोरच्या उतारावरही चढू शकतं. तंबूच्या जागी उभं राहून, वर बर्फ जिथून सुटू शकतो त्या जागेच्या सगळ्यात वरच्या टोकाकडे नजर लावायची आणि आडव्या रेषेशी कोन मोजायचा. 18 अंशांखाली आला तर बहुधा पोच नाही. 25 च्या वर असेल तर आपण सरळ वाटेत आहोत. मधल्या पट्ट्यात झाडं बघायची: वरच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या, खोडं उताराच्या दिशेने वाकलेली, जुन्या देवदारांच्या मधोमध एकाच वयाच्या कोवळ्या झुडपांचा पट्टा, असं दिसलं की ती जागा सोडायची. 28 फेब्रुवारी 2025 ला उत्तराखंडात माणाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन येऊन 8 जण गेले. ती माणसं कुठलाही उतार चढत नव्हती.

15 जानेवारी, धुळे

मोजमापाची साधनं. बर्फाची घनता मोजायला नळी इथेच केली. आतला व्यास 56 मिमी असलेला पीव्हीसी पाइप 203 मिमी लांब कापला की आतलं घनफळ 500 घन सेंटिमीटर येतं. एका टोकाला कानसने धार काढली, पण बाहेरच्या अंगाने. आतून घासलं तर व्यास बदलतो आणि सगळे आकडे चुकतात. खात्रीसाठी एक टोक टेपने बंद करून नळी पाण्याने काठोकाठ भरली आणि वजन केलं. रिकामी आणि भरलेली यांत 500 ग्रॅमचा फरक आला पाहिजे. वापरताना नळी थरात आडवी घुसवायची, दोन्ही टोकं पत्र्याने सपाट कापायची, आतल्या बर्फाचं वजन ग्रॅममध्ये घ्यायचं आणि दुप्पट करायचं. ती घनता, किलो प्रति घनमीटर. सोनाराकडे असतो तसा 0.1 ग्रॅमचा छोटा काटा घेतला आहे. तो आतल्या खिशात ठेवायचा, कारण थंडीत बॅटरी पडली की वाटेल ते वजन दाखवतो.

थर्मामीटर शून्यावर तपासले. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली, बारीक फोडली, थर्मासमध्ये गच्च भरून फटी बुजतील इतकंच थंड पाणी घातलं. दहा मिनिटांनी वाचन. एक थर्मामीटर +0.7 दाखवतो, त्यावर चिकटपट्टीने तसं लिहिलं. थरांमधल्या तापमानाचा उतार काढताना एवढा फरक निकाल उलटवू शकतो.

बाकी: बर्फाची करवत (35 सेंमी), 1, 2 आणि 3 मिमीच्या चौकटी छापलेला धातूचा पत्रा, दहापट भिंग, घडीची मोजपट्टी, दोरा. लिहायला पेन्सिल. पेनची शाई गोठते.

18 जानेवारी

वर्गातलं प्रात्यक्षिक. लाकडी फळीवर घोंगडीचा तुकडा ताणून बसवला. त्यावर ज्वारीचं पीठ दाबून एक थर, त्यावर जाड साखर पातळ पसरून, त्यावर चाळणीने पुन्हा पिठाचा तीन-चार सेंमी थर. फळी हळूहळू उचलली की वरचं पीठ सलग पत्र्यासारखं तुटून साखरेवरून घसरतं आणि वरती सरळ उभी चीर राहते. साखर वगळून तेच केलं की पीठ बऱ्याच जास्त कोनापर्यंत टिकतं, नाहीतर सुटं सांडतं.

साखरेच्या जागी खऱ्या बर्फात तीन गोष्टी असतात. एक, सरफेस होर: निरभ्र, शांत रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर उभे राहणारे पिसासारखे स्फटिक. दोन, फॅसेट: थरात दर 10 सेंटिमीटरला 1 अंशापेक्षा जास्त तापमानफरक टिकला की कणांचे सांधे तुटून बनणारे कोरडे, टोकदार, एकमेकांना न धरणारे कण. तीन, जमिनीलगतची डेप्थ होर, म्हणजे तेच मोठ्या आकारात. पातळ बर्फ आणि कडक थंडी हे मिश्रण यासाठी सगळ्यात वाईट. बर्फ कमी आहे म्हणजे धोका कमी आहे, हा समज इथेच खोडून काढायला हवा.

26 जानेवारी, पांझरा पात्र

शोध आणि बचावाचा सराव. आधी अक्कलपाडा धरणातून आवर्तन सोडलेलं नाही ना, हे विचारून घेतलं. ते न विचारता पात्रात खड्डे खणायचे नाहीत. जागा निवडताना उच्चदाबाच्या तारा आणि डीपीपासून लांब गेलो. ट्रान्सीव्हर, म्हणजे प्रत्येकाच्या अंगावरचं सिग्नल पाठवणारं आणि गाडलेल्याचा सिग्नल शोधणारं यंत्र, 457 किलोहर्ट्झवर चालतो आणि तारांखाली तो नसलेला माणूस शोधायला लागतो. मोबाइलही तसाच त्रास देतो. ट्रान्सीव्हर प्रसारणात असताना मोबाइल त्यापासून किमान 20 सेंमी दूर, शोधात असताना किमान 50 सेंमी, आणि शक्यतो बंद. चुंबकाचं बटण असलेले खिसे, गरम होणारे हातमोजे, छातीवरचा कॅमेरा, हे सगळं याच यादीत.

क्रम: शोधणारे सगळे आधी आपला ट्रान्सीव्हर शोधावर लावतात. एकानेही तो प्रसारणात ठेवला तर सगळे त्याच्याकडेच धावतात, आजही तसंच झालं. सिग्नल मिळेपर्यंत 40 मीटर रुंदीच्या पट्ट्यांत पळत जायचं. सिग्नल मिळाला की बाणाप्रमाणे. तीन मीटर उरले की वेग टाकायचा, यंत्र जमिनीला टेकवून, न फिरवता, आडव्या-उभ्या रेषेत सगळ्यात लहान आकडा शोधायचा. तिथून प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी: उताराला काटकोनात, 25 सेंमीच्या अंतराने, बाहेर जाणाऱ्या वेटोळ्यात. लागला की काढायचा नाही. तसाच ठेवून खणायचं.

प्रोब वाळूत जात नाही. त्यासाठी कुट्टीचा ढीग वेगळा केला आणि त्यात कपडे भरलेलं पोतं, लाकडाचा ओंडका आणि दगड पुरले. डोळे बांधून तिन्हींतला फरक हाताला कळला पाहिजे. पोतं दाबलं की परत उसळतं, ओंडका ठक्क करतो.

सगळ्यात जास्त वेळ खणण्यात जातो, आणि सरावात सगळ्यात कमी वेळ त्यालाच दिला जातो. एक मीटर खोल गाडलेल्या माणसासाठी टनभर ते दीड टन बर्फ हलवावा लागतो. खणायला सुरुवात प्रोबच्या डोक्यावर नाही, खोलीच्या दीडपट अंतरावर उताराच्या खालच्या बाजूला करायची. माणसं इंग्रजी व्ही आकारात, टोकाला एक जण, मागचे बर्फ वल्ह्यासारखा मागे ढकलतात, कोणी उचलून फेकत नाही. टोकाचा माणूस दर मिनिटाला बदलतो. प्लास्टिकचं फावडं चालणार नाही. हिमस्खलन थांबलं की तो बर्फ काही क्षणांत घट्ट होतो आणि प्लास्टिक तुटतं.

पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक वाचतात. अर्ध्या तासानंतर तीनात एकाच्या आसपास. हेलिकॉप्टर येईपर्यंतचा वेळ या हिशेबात बसतच नाही, त्यामुळे मदत म्हणजे शेजारी उभी असलेली दोन-तीन माणसं. तेवढ्यावर भरवसा ठेवून उतार निवडायचा नसतो.

1 फेब्रुवारी, धुळे

पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारं पाऊस-बर्फाचं वादळ, येतोय. 4 च्या रात्रीपासून 6 च्या सकाळपर्यंत जोर. हवामान खात्याचं पत्रक, डीजीआरईचं (डीआरडीओची हिमस्खलनाचा अंदाज देणारी संस्था) हिमस्खलन पत्रक आणि दोन मॉडेलांचे आकडे शेजारी-शेजारी लिहिले. हवेच्या दाबाची 700 हेक्टोपास्कलची पातळी साधारण 3,000 मीटरवर, 600 ची 4,200–4,400 वर. धारेवरचा वारा 600 वर बघायचा, गावाचा नाही. विक्षोभाच्या पुढे वारा नैऋत्येकडून, 45 ते 60 किमी ताशी. सुटा बर्फ 25–30 लाच उडायला लागतो. म्हणजे ईशान्य, उत्तर आणि पूर्व तोंडाच्या उतारांवर, धारेच्या लगेच खाली, आकाशातून पडेल त्याच्या कितीतरी पट बर्फ साचणार. विक्षोभ सरकला की वारा वायव्येचा होतो आणि आग्नेयेकडचे उतार भरायला लागतात. तो दुसरा भाग लोक विसरतात.

तोच विक्षोभ धुळ्यातही जाणवतो. ढग येतात, रात्रीची थंडी मोडते; तो पुढे गेला की उत्तरेचा वारा सुटतो, पारा घसरतो, हरभऱ्याला बरं आणि रावेर-यावलच्या केळीला चरका. इथे थंडी परतली की तिकडे आभाळ मोकळं झालेलं असतं, आणि मोहाचा दिवस तोच.

जोडीला काम दिलं: वादळ येण्याआधी पृष्ठभाग नोंदवा. ताजा बर्फ कशावर पडणार आहे ते 4 तारखेनंतर कुणालाच दिसणार नाही. प्रत्येक तोंडाला, 2,700, 2,900 आणि 3,100 मीटरवर, होर आहे का, किती मिमी, पापुद्रा आहे का, वाऱ्याने घासलं आहे का, आणि प्रत्येकाचा जवळून फोटो पत्र्याच्या चौकटीवर. थर बघायचा खड्डा एकच पुरे. पृष्ठभागाच्या नोंदी जितक्या जास्त तितक्या हव्यात.

3 फेब्रुवारी, जोडीचे आकडे

धुंडीच्या खाली, 2,900 मी, उत्तर तोंड, उतार 24 अंश, वर मोठा उतार नाही, मोकळं जंगल. सकाळी 10:20, हवा −4, आभाळ निरभ्र, वारा नाही. एकूण बर्फ 86 सेंमी. उंची जमिनीपासून, सेंमीमध्ये; कडकपणा थरात काय घुसतं त्यावरून: मूठ म्हणजे मऊ, मग बोट, पेन्सिल म्हणजे कडक.

86 ते 85: सरफेस होर, 4 ते 6 मिमी, उभी.
85 ते 62: फॅसेट, 1 मिमी, मूठ सहज जाते.
62 ते 60: पापुद्रा, पेन्सिल जाते.
60 ते 58: फॅसेट, 1 ते 2 मिमी, मूठ.
58 ते 20: गोल कण, एक बोट.
20 ते 0: डेप्थ होर, 3 ते 4 मिमी, मूठ.

तापमान: पृष्ठभाग −11, त्याखाली 10 सेंमीवर −6, जमिनीपासून 20 सेंमीवर −2.5, जमिनीवर −0.2. वरच्या 10 सेंटिमीटरमध्ये 5 अंशांचा फरक. फॅसेट आजही बनत आहेत.

कॉम्प्रेशन टेस्ट (30 गुणिले 30 सेंमी स्तंभ; मनगटातून 10, कोपरातून 10, खांद्यातून 10 टपल्या): 13 व्या टपलीला पापुद्र्याखाली, एकदम आणि सपाट तुटला. एक्स्टेंडेड कॉलम टेस्ट (आडवा 90, उताराच्या दिशेने 30): 22 व्या टपलीला त्याच थरात चीर, पण स्तंभभर पसरली नाही.

पृष्ठभागाच्या नोंदी: होर उत्तर, ईशान्य आणि पूर्वेला तिन्ही उंचींवर, सावलीतल्या मोकळ्या जागी दाट, झाडांखाली नाही. दक्षिणेला उन्हाचा पापुद्रा. 3,100 च्या वर उघड्या धारेवर होर वाऱ्याने गेलेली.

टेबलाचं मत: चीर पसरली नाही यावरून 'ठीक आहे' असा एक संदेश गटात आला. तसं नाही. ही चाचणी थर तुटतो का आणि चीर पसरते का ते बघते. पसरायला वर घट्ट स्लॅब लागतो. आज वर 24 सेंमी मऊ, सुटा बर्फ आहे, स्लॅब अजून आकाशात आहे. पृष्ठभागावरच्या होरबद्दल तर चाचणी काहीच सांगू शकत नाही, कारण तिच्यावर काहीच पडलेलं नाही. खड्डा 'जाऊ नका' सांगू शकतो. 'जा' हे त्याचं काम नाही. दहा मीटर पलीकडे होर दुप्पट असू शकते.

4 फेब्रुवारी, धुळे, सकाळ

भाराचा हिशेब. अंदाज 36 तासांत 50 ते 55 मिमी पाणी. नव्या बर्फाची घनता 90 धरली तर 55–60 सेंमी, म्हणजे दर चौरस मीटरला 50–55 किलोंचा नवा भार. 24 तासांत 30 सेंमी ही सावधानतेची जुनी रेषा केव्हाच ओलांडली जाते. त्याहून महत्त्वाचा वेग: 5 च्या पहाटे सहा तासांत 18 सेंमी, ताशी 3. ताशी 2.5 च्या वर गेलं की जुन्या थराला भार सावरायला वेळच मिळत नाही. हे वारा न धरता. वाऱ्याआडच्या उतारावर एक मीटर ते दीड मीटर धरावं.

तापमान उलटं जातंय. सुरुवात −9 ला, मध्ये −3. हलका बर्फ खाली आणि जड वर. तापमान पडत जाणारं वादळ त्या मानाने बरं असतं.

निर्णय, कारणांसह:

बकरथाचचा मुक्काम रद्द. तंबूच्या नियोजित जागेवरून गाईडने मोजलेला नजरेचा कोन 27 अंश, वरचा उतार ईशान्य तोंडाचा, होर नोंदवलेली. तीनपैकी एक कारणही पुरलं असतं.

ब्यासकुंड या मोसमात नाही.

तुकडी ठरल्या दिवशी निघणार नाही. तिकिटं बदलली.

जोडी आज दुपारपर्यंत सोलंगला खाली. वादळ सुरू झाल्यावर खाली येणं म्हणजे भरत जाणाऱ्या उतारांच्या पायथ्यातून येणं.

प्रशासनाची बंदी लागली किंवा डीजीआरईचा धोक्याचा स्तर (1 ते 5) 4 वर गेला तर वेगळी चर्चा नाही. चर्चा लागते ती स्तर 3 ला. 'मध्यम ते जास्त' असं ऐकून लोक त्याला पन्नास टक्के समजतात. पण स्तर 3 म्हणजे ठरावीक उतारांवर एका माणसाच्या वजनानेही स्लॅब सुटू शकतो. युरोपातल्या अनेक देशांत अपघातांचा मोठा वाटा याच स्तरावर पडतो. आणि प्रशिक्षण असलं की वाचतो असंही नाही: 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा 2 शिखरावर हिमस्खलनात अडकलेली तुकडी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची होती, प्रशिक्षकांसह.

6 फेब्रुवारी

सोलंगला फळीवर मोजलेला नवा बर्फ: 5 ला सकाळी 8 पर्यंत 21 सेंमी, आज सकाळी 8 पर्यंत आणखी 34. फळी दर वेळी पुसून पुन्हा वर ठेवायची, नाहीतर दबलेला बर्फ कमी भरतो. नळीत 500 घनसेंमीला 48 ग्रॅम, म्हणजे 96. गुणाकार केला तर पाणी जवळपास 53 मिमी. अंदाज बरोबर निघाला. जोडी आवाज नोंदवते आहे, वर जात नाही. ढगांमुळे काही दिसत नाही, पण रात्री दोनदा लांबून गडगडाट.

8 फेब्रुवारी

आभाळ स्वच्छ. धुळ्यात गार वारा सुटला आहे. गटात सोलंगचे फोटो आणि 'आता तर निघूया' हे दोन्ही एकदमच आले.

सह्याद्रीत पाऊस थांबला, ऊन पडलं की वाट मोकळी होते. ती सवय इथे घेऊन जायची नाही. पडून गेल्यानंतरचा पहिला स्वच्छ दिवस सगळ्यात घातक असतो: भार पूर्ण आहे, सांधे जुळलेले नाहीत, आणि ऊन दक्षिणेच्या उतारांना लगेच मऊ करतं. वर स्कीच्या ताज्या खुणा दिसल्या म्हणून उतार तपासला गेला असं होत नाही. दहावा माणूसही पातळ जागी पाय ठेवून सोडवू शकतो.

जोडीने सोलंगच्या सपाटीवरून दुर्बिणीने पाहिलं: ईशान्य तोंडाला 3,300 च्या आसपास दोन ताज्या चिरा, एक साधारण शंभर मीटर लांब. जंगलातल्या 15 अंशांच्या वाटेवर चालताना एकदा बर्फ 'धप्प' करून खाली बसला आणि पायापासून चीर गेली. या एका आवाजापुढे कुठल्याही चाचणीचा आकडा मोजायचा नसतो.

गाडलेल्या होरला नाव दिलं: '4 फेब्रुवारी थर'. नोंदवहीत आणि नकाशावर तिन्ही तोंडांना तेच नाव राहील. साधा नवा बर्फ दोन-तीन दिवसांत बसतो. गाडली गेलेली होर आठवडे टिकते, कधी त्याहून जास्त.

11 फेब्रुवारी, धुळे

तुकडी 13 ला निघेल. मुक्काम सोलंगला, चालणं 25 अंशांखाली, जंगलात, नजरेचा कोन 18 च्या आत. उघडी नाळ ओलांडायचीच झाली तर एकेक जण, बाकीचे पाहत, काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून, सॅकचा छातीचा पट्टा सोडून. दुपारी 12 नंतर दक्षिण तोंडाखाली कोणी नाही.

सोबत न्यायचं: ट्रान्सीव्हरच्या नव्या अल्कलाइन बॅटऱ्या (रिचार्जेबल नकोत, त्यांची टक्केवारी खोटी दिसते), फावड्याच्या दांड्याचे दोन जादा स्क्रू, नळीसाठी दुसरा पत्रा. पुढचा खड्डा 15 ला, त्याच जागेच्या शेजारी, पण जुन्या खड्ड्यापासून निदान दोन मीटर वर. जुन्या खड्ड्याच्या भिंतीतून हवा शिरून कण बदललेले असतात.